कोंडीरामचा हर्निया आणि चौथं वर्ष

कोंडीरामच्या हर्नियाला चार वर्षं थांबायचं होतं. २०२२च्या जूनमध्ये पुण्यातल्या मुलानं, नितीननं, आईबापांचा आरोग्य विमा काढला, तेव्हा एजंट गहिनीनाथनं फॉर्मवर हर्निया खरा खरा लिहिला आणि सांगितलं, "जुनं दुखणं हाय. चार वर्षं ऑपरेशनचा खर्च मिळायचा न्हाई." कोंडीरामनं सही केली. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलत रिटायर झालेला माणूस, सहीला जागणारा.

तेव्हापासून पुणतांब्यात कुणी त्याला ऑपरेशनचं विचारलं की तो सांगायचा, "अजून चार वर्षं." पुढं "अजून तीन." गॅसची टाकी, दळणाचा डबा त्याची बायको भागिरथी उचलायची. दुखायला लागलं की कोंडीराम आडवा व्हायचा, फुगवटा हातानं आत ढकलायचा आणि पंख्याकडं बघत पडायचा.

२०२५च्या जूनमध्ये विम्याचं नूतनीकरण करायला गहिनीनाथ आला. "जय भीम, मामा. पेढे काढा. नियम बदललाय. चारऐवजी आता तीनच वर्षं. तुमची झाली की!"

कोंडीरामनं चहाचा कप खाली ठेवला. "पन मी चारवर सही केलीय."

"कमी केली की वरनंच."

"मला कुठं इचारलं?"

"मामा, तुमच्याच फायद्याचं हाय."

"आज कमी केलं, उद्या वाढवतील. उगं घाई नको. चौथं वर्ष होऊन जाऊ दे."

असली तक्रार गहिनीनाथनं धंद्यात पहिल्यांदाच ऐकली. कागद ठेवून तो निघून गेला.

भागिरथी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कल्याणभाऊजी भुलीतनं उठले न्हाईत, त्याला वीस वर्सं झाली."

धाकट्या भावाचं नाव घरात कुणी काढत नसे. कोंडीराम पंख्याकडं बघू लागला. लाइट गेलेली होती.

"तुमी चार म्हनला, मी चार मोजत हुते," भागिरथी म्हणाली. "आता तेच न्हाई म्हनत्यात, तर मी काय करू?"

कोंडीराम म्हणाला, "भ्या वाटतंय गं."

"व्हय. मग भीत भीत जाऊ."

नगरच्या दवाखान्यात विम्याच्या खिडकीवर त्यानं तिथल्या मुलीला अदबीनं सांगितलं, की कंपनी नको म्हणाली तर आमची काही हरकत नाही. शेजारचा माणूस दोन दिवस मंजुरीची वाट बघत होता. कोंडीरामची दीड तासात आली.

डॉक्टरांनी पाठीत सुई दिली. कमरेखाली बधिर, वर माणूस टक्क जागा. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्यानं ऐकलं नव्हतं. पडद्यापलीकडं डॉक्टर कांद्याच्या भावावर बोलत होते. भाव चुकीचा सांगत होते. कोंडीरामनं तो दुरुस्त केला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवर छगन नावाचा गडी आला. दुपारी त्याचं ऑपरेशन होतं आणि सकाळपासून तो चौथ्यांदा लघवीला जाऊन आला होता.

"काका, लई दुखतं का?"

"न्हाई. तुला कांद्यातलं कळतं का?"

"दोन एकर हाय की."

"मग तुझी तिथं गरज हाय," कोंडीराम म्हणाला. धाकट्या भावाचं काही बोलला नाही.

भागिरथी मोसंबी सोलत होती. पहिली फोड तिनं छगनपुढं धरली. "काही खायचं न्हाई म्हनलेत," छगन म्हणाला. मग ती फोड तिनं स्वतःच खाल्ली.