डावीकडे जाणारा डबा

मी बिस्किटांचा डबा बोलतोय. हात घालू नका, आत खडू आहेत. घातलात ना? सगळेच घालतात. पाहुणे झाकणावरची लोण्याची बिस्किटं बघतात, गप्पांच्या नादात हळूच बोटं आत सारतात आणि पांढरी करून बसतात. मला मनासारखी करता येते ती एवढीच एक गंमत. बाकी सगळा मी परस्वाधीन. देणारा देतो, घेणारा घेतो, मला कोणी विचारत नाही.

माझा जन्म बिस्किटांच्या कारखान्यातला. साधा पत्रा होतो, यंत्राने एक धपाटा घातला आणि गोल झालो. झाकणाला पोचा आला म्हणून बाजार काही दिसला नाही. पॅकिंगच्या मुकादमाने मला काखोटीला मारून घरी नेलं.

हा मुकादम एकतीस वर्षं सरकत्या पट्ट्याशी उभा राहिलेला. पट्टा उजवीकडून डावीकडे जायचा. उजव्या माणसाकडून घ्यायचं, डाव्या माणसाला द्यायचं, हाच त्याचा धर्म. घरी जेवतानाही वाटी डावीकडेच सरकवायचा आणि डावीकडे होती भिंत. बायको म्हणायची, "वाढा, वाढा, भिंतीला पोटभर वाढा!"

कारखान्यात परदेशी इंजिनियरांच्या मागे हिंडून त्याने थोडं इंग्रजी गोळा केलं होतं. निवृत्तीनंतर ते त्याच्या पोटात राहीना. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती, तिथे त्याने वर्ग काढला आणि लोक त्याला मास्तर म्हणू लागले. विद्यार्थी मोजून तीन : सलूनवाला, इस्पितळात काम करणारी मावशी आणि वॉचमनकाका. चौघं गोल बसायचे. मास्तर, त्याच्या डावीकडे सलूनवाला, मग मावशी, मग काका.

"हे बघा," मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाला, "इंग्रजीतली काही क्रियापदं खादाड असतात. एका घासावर त्यांचं भागत नाही. 'गिव्ह' म्हटलं की ते विचारणार, कोणाला? आणि काय? दोन्ही पाहिजे. आपण 'मावशीला डबा दे' म्हणतो. 'ला' चिकटवला की शब्द कुठेही ठेवा, बिघडत नाही. त्यांच्याकडे 'ला' नाही, नुसती रांग आहे. आधी माणूस, मग वस्तू. गिव्ह मावशी द बॉक्स."

"आणि उलटं म्हटलं तर?" सलूनवाल्याने विचारलं.

"गिव्ह द बॉक्स मावशी? म्हणजे मावशी देऊन टाकली डब्याला."

"द्या देऊन," मावशी म्हणाली, "घरी तरी कोण विचारतंय!"

तेव्हापासून मी हातोहात डावीकडे फिरायला लागलो. गिव्ह झालं, पास झालं, शो झालं, सेंड झालं. माझ्या जागी कधी टॉवेल आला, कधी चमचा, कधी बाटली. मीही शिकलो, अर्धंमुर्धं. शिकलो नसतो तर करतो काय, धडा माझ्याच अंगावरून चालला होता.

मावशीला हे इंग्रजी हौसेसाठी नको होतं. इस्पितळात परदेशी पेशंट येऊ लागले होते. वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात इंग्रजी समजणारीच माणसं ठेवायची, बाकीच्यांनी तळघरात कपडे धुवायचे, असं ठरलं. वॉर्डात येण्याआधी मावशीने तळघरात दोन वर्षं काढली होती. सोड्याच्या पाण्याने तिचे हात इतके फुटले होते की भाकरी थापताना रक्त यायचं. सोमवारी मोठ्या सिस्टर परीक्षा घेणार होत्या. सहा आठवडे मावशीने एकदाही वर्ग चुकवला नाही.

रविवारी ती मास्तरला म्हणाली, "हा डबा एक दिवस द्या हो सोबत. माझ्या हाताला त्याची सवय आहे."

म्हणून सोमवारी मी वॉर्डाच्या खिडकीत होतो. पलंगावर एक म्हातारे पेशंट, उजवीकडे तरुण डॉक्टर, समोर मोठ्या सिस्टर आणि मावशीच्या डाव्या हाताला बेसिनचा नळ खोलून बसलेला प्लंबर.

"गिव्ह द डॉक्टर द टॉवेल."

मावशीने झटक्यात टॉवेल उचलला आणि प्लंबरला दिला. त्याने हात पुसले.

"ब्रिंग द पेशंट द स्पून."

चमचा अचूक उचलला. गेला प्लंबरकडे.

"शो मी द बॉटल."

बाटली प्लंबरला दाखवली. तो म्हणाला, "अहो बाई, मी नळाला आलोय, मला कशाला पाजताय?"

डॉक्टरला हसू आवरेना. एरवी मीही खदखदलो असतो. पण मला आत्ता कळलं होतं काय झालं ते. सहा आठवडे मास्तरने पट्टा चालवला होता! वस्तू बदलल्या, क्रियापदं बदलली, पण मावशीच्या डावीकडचा माणूस काही बदलला नाही. तिचे कान माणसाचं नाव ऐकायचेच बंद झाले होते. मला ओरडून सांगायचं होतं, 'मावशी, उजवीकडे बघ!' पण पत्रा आपला आपण वाजत नाही. त्याला कोणीतरी वाजवावं लागतं.

सिस्टर हसल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, वस्तू एकही चुकली नाही. माणूस मात्र दर वेळी चुकला. उद्या औषध बरोबर आणि पेशंट भलताच असं झालं, तर मी काय करू, सांगा?"

मंगळवारपासून मावशी पुन्हा तळघरात गेली.

मास्तरला कळलं तेव्हा तो मला काखेत घेऊन इस्पितळात धावला. "सिस्टर, चूक माझी आहे. तिला नाही, मला नापास करा." सिस्टरनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. जागा मात्र भरली होती.

आता वर्गात रोज बसायच्या जागा बदलतात. मास्तर भिंतीकडे तोंड करून नावं पुकारतो, म्हणजे कोण कुठे बसलंय ते त्यालाच कळू नये. मावशी अजून येते. हातांना मलम फासलेलं, वर फडकी गुंडाळलेली. तिला मी धरवत नाही. म्हणून ती हुकूम सोडते, "सलूनवाला, गिव्ह मास्तर द बॉक्स! काका, शो हिम द की!" एक माणूस चुकत नाही, एक वस्तू चुकत नाही. मास्तर मान खाली घालून मला घेतो.

लोकहो, माझी एवढीच विनवणी. कोणाला काही द्यायला निघालात, तर आधी त्याच्या तोंडाकडे बघा. मी तर रोज तिघांच्या हातांत फिरतो. मला एकदा मावशीच्या मांडीवर जाऊन नुसतं बसायचंय. पण 'गिव्ह मावशी द बॉक्स' म्हणायला कोणीतरी लागतं, आणि ती स्वतःचं नाव कधी घेत नाही.