तास म्हणजे मी

मित्रांनो, माझ्या बंदांना गाठी पडल्यात आणि एका कोपऱ्यात हळदीचा डाग आहे, म्हणून लगेच नाक मुरडू नका. जुनी कापडी पिशवी असले तरी मी दोन देशांचं पाणी प्यायलेली आहे. शिवाय मला डच भाषा कळते. खोटं वाटतंय ना? मग ऐकाच.

मूळची मी पडदा. इस्लामपुरात सुहासिनीबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला मी लोंबत होते. ऊन खाऊन खाऊन माझा निळा रंग विटला, तेव्हा बाईंनी मला खाली काढलं, त्यातल्या त्यात धड भाग कापून घेतला आणि दुहेरी शिलाई मारून माझी पिशवी केली. त्यांची मुलगी संपदा शिकायला नेदरलँड्सला, आइंडहोवनला निघाली होती. चिवडा, मेतकूट आणि लोणच्याची बरणी पोटात घेऊन मीही विमानात बसले. हळदीचा डाग त्याच प्रवासातला.

आइंडहोवनच्या सुपरमार्केटात काउंटरवरची मुलगी प्रत्येकाला विचारायची, "तास?" की संपदा मला झेंड्यासारखी उंच धरायची आणि डचमध्ये सांगायची, माझी तास आहे माझ्याकडे! दर शनिवारी हेच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इथली माणसं पिशवीला 'तास' म्हणतात. म्हणजे या देशात माझं नाव तास! आहे की नाही मजा?

पुढे संपदाला चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, अभिरामशी लग्न झालं, शिवांगी झाली. मग घरात लॅपटॉपची काळी पाठपिशवी आली आणि मी दारामागे गेले. आठ वर्षं धूळ खाल्ली. वाईट वाटायचं, पण तक्रार कुणाकडे करणार?

या वर्षी मे महिन्यात संपदाचे वडील आले, नीळकंठआबा. आबांची इस्लामपुरात पिठाची गिरणी आहे. सुहासिनीबाई काही आल्या नाहीत. "दोघंही गेलो तर लोकांनी दळण कुठं न्यायचं?" म्हणाल्या. आबांनी पहिल्याच दिवशी मला दारामागून ओढून काढलं. "अगं, हा तर आपला पडदा!" त्या दिवसापासून त्यांनी मला खांद्यावरून उतरवलं नाही.

आबांची एकच इच्छा होती. "इथं वाऱ्यावर गिरणी चालते म्हणे. वीज नाही, पट्टा नाही. ती दळताना एकदा बघायचीय. पीठ बोटात धरून बघायचंय."

"बघू की आबा," अभिराम म्हणाला आणि त्याने रॉटरडॅमच्या दोन दिवसांच्या सहलीचा तक्ताच केला. कुठे किती वाजता, कुठल्या ट्रामने, फोटोला किती मिनिटं, सगळं त्यात होतं. पवनचक्क्या रविवारी सकाळी. मंगळवारी आबांचं परतीचं विमान होतं.

शनिवारी आम्ही रॉटरडॅम पालथं घातलं. तिरकी बसवलेली पिवळी चौकोनी घरं पाहून आबांनी मान वाकडी केली. "यात पोळपाट कुठं ठेवत असतील हो?" शिवांगी खो खो हसली. पण हसली तेवढंच. मराठी तिला सगळं कळतं, मात्र उत्तर द्यायचं झालं की डच नाहीतर इंग्रजी. आबा काही विचारायचे, ती काही सांगायची आणि दोघंही आईकडे बघायचे. मधल्या मध्ये बिचारी संपदा दमून गेली.

मुक्काम रॉटरडॅमशेजारच्या कापेल गावी, संपदाच्या मैत्रिणीच्या, चैत्रालीच्या घरी होता. रविवारी सकाळी आम्ही बोटीने किंडरडाइकला गेलो. काय ते दृश्य! कालव्याच्या दोन्ही बाजूंना एकोणीस पवनचक्क्या. आबा पोरासारखे पुढे पळाले. आत शिरले, लाकडी चाकं बघितली, वर पाहिलं, खाली पाहिलं.

"जातं कुठाय?"

संपदाने तिथल्या बाईंना विचारलं आणि तिचा चेहरा पडला. "आबा, या गिरण्या नाहीत. या पाणी उपसतात. जमीन खोलगट आहे ना इथली."

"म्हणजे पाण्याच्या मोटारी!" आबा म्हणाले. हसले खरे, पण माझे बंद त्यांनी एवढे घट्ट धरले की मला सगळं समजलं.

संपदाने फोनवर शोधाशोध केली. रॉटरडॅमच्या कडेला एक खरी, दळणारी पवनगिरणी होती. हौशी मंडळी ती चालवायची, रविवारी चारपर्यंत उघडी. पण अभिरामच्या तक्त्यात तीन वाजता उंच मनोरा होता, तिकिटं काढलेली, आणि शिवांगी आठवडाभर त्याच्यासाठी नाचत होती. आबाच म्हणाले, "तुम्ही मनोरा बघा. मला गिरणीच्या दारात सोडा. गिरणीत मला भाषा लागत नाही."

अडीच वाजता त्यांनी आम्हाला दारात सोडलं. दारात हेंक नावाचे एक उंच आजोबा होते, भुवयांवर पीठ. आबांनी हात जोडले. हेंक हसले, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तास," आणि भिंतीकडे हात केला. भिंतीवर खुंट्यांची रांग होती. वरचा जिना शिडीसारखा उभा, पिशवी घेऊन चढू नये, ती खुंटीला अडकवा, एवढंच त्यांचं म्हणणं. पण मेलं त्या खुंट्यांच्या बरोबर वर घड्याळ होतं!

आबांनी घड्याळाकडे पाहिलं. "तास? बरं बरं." आणि मान डोलावून बाहेर बाकावर येऊन बसले.

अहो आबा! तास म्हणजे मी! मीच ती तास! मी आतून आकांत केला, पण पिशवीचा आवाज कुणाला ऐकू जातो?

आबा मात्र खुशीत होते. "दगड तापला असेल. गार होऊ देत असणार. मीही गिऱ्हाइकाला सांगतोच की, तासानं या. गिरणीवाल्याला घाई करू नये." त्यांनी माझ्यातला स्वेटर काढून घातला, दोन शेंगदाण्याचे लाडू खाल्ले आणि फिरणाऱ्या पात्यांकडे बघत बसले. थोड्या वेळाने हेंकनी दारातून डोकावून आत या म्हणून पुन्हा हात केला. आबांनी तितक्याच अदबीने उलट हात केला, होऊ द्या निवांत. मित्रांनो, मी आयुष्यात इतकी हतबल कधीच झाले नव्हते. मला पाण्याच्या मोटारीपाशी झालेला त्यांचा चेहरा आठवत होता. तास उलटला तरी आबा उठले नाहीत. बोलावतील, म्हणाले.

चार वाजत आले तेव्हा बाकीचे आले. "झालं का बघून?" संपदाने विचारलं.

"अजून कुठं? तासानं या म्हणालेत."

"कोण म्हणालं?"

"ते हेंक. मला बघून म्हणाले, तास."

शिवांगीचे डोळे मोठे झाले. तिने माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि किंचाळली, "आबा! तास म्हणजे पिशवी! पिशवी ठेवा आणि आत या, असं म्हणाले ते!"

एवढं लांबलचक मराठी तिच्या तोंडून कुणी ऐकलंच नव्हतं. पण कौतुकाला वेळ कुठे होता? हेंक पाती थांबवायला निघाले होते. शिवांगी धावत सुटली आणि त्यांची बाही धरून म्हणाली, "मेइन ओपा इज मोलेनार!" माझे आजोबा गिरणीवाले आहेत.

हेंक थबकले. आबांकडे नीट बघितलं, मग त्यांचा उजवा हात हातात घेऊन अंगठा पाहिला. पीठ चोळून चोळून गुळगुळीत झालेला तो अंगठा. हेंकनी स्वतःचा अंगठा शेजारी धरला. दोन्ही सारखेच. मग काय, पाती चालूच राहिली.

मला खुंटीवर अडकवून सगळे वर गेले, त्यामुळे वरचं मला दिसलं नाही. नुसतं ऐकू येत होतं. दगडाची घरघर, हेंकची डच, आबांची इस्लामपुरी आणि मध्ये शिवांगी, एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. संपदाला कुणी काही विचारतच नव्हतं. मग माझ्या शेजारच्या पन्हाळीतून पीठ पडू लागलं. आबा धडधडत खाली आले, चिमूट उचलली, अंगठ्याने चोळली आणि वर ओरडले, "जाड येतंय! जरा दाबा!"

"दगड जवळ आणा म्हणतात," शिवांगीने आपल्या मनानेच डचमध्ये ओरडून सांगितलं. घरघरीचा सूर बदलला. आबांनी पुन्हा चिमूट घेतली. त्यांचे डोळे भरून आले. "आता भाकरी होईल," म्हणाले.

पाच वाजून गेले तरी कुणी हलेना. शेवटी अभिराम ओरडला, "ट्राम आली!" आणि सगळे धूम पळाले. मी खुंटीवरच राहिले.

रडले का? थोडीशी. पुढच्या शनिवारी संपदा आणि शिवांगी मला न्यायला आल्या. शिवांगीने आबांना इस्लामपूरला व्हिडिओ कॉल लावला आणि मला त्यांच्यासमोर धरलं. आबांच्या मागे चक्की चालू होती. ते मोठ्याने म्हणाले, "राहू दे तिला तिथंच. आपलं कुणीतरी त्या गिरणीत पाहिजे की!"

"मग मी येत जाईन तिला बघायला," शिवांगी म्हणाली. मराठीत.

तेव्हापासून मी इथंच आहे. मित्रांनो, कुठेही फिरायला जा, पण एखादा शब्द कळला नाही तर उगाच मान डोलावू नका, विचारा. आणि घरी दारामागे कुणी जुनी पिशवी लोंबत असेल, तर तिला एकदा तरी सहलीला न्या. परत आणायला विसरलात तरी ती रागावणार नाही. फक्त अधूनमधून भेटायला या.