डाव्या बाजूला डावा कान

मंगळवारपासून ती गाडी मिसिंग मारत होती आणि मंगळवारपासूनच नाझ्झारेनो खोटं बोलत होता. आज शुक्रवार. उद्या सकाळी आठला चौकात शर्यतीच्या गाड्यांची तपासणी, परवा घाटाची शर्यत, आणि सेत्तीमिओ पाववाल्याची लाल गाडी गॅरेजात उभ्या जागी थंडी भरल्यासारखी कापत होती.

गाडी बत्तीस वर्षांची, पण अजून घाटात भल्याभल्यांना धूळ चारणारी. इंजिन आडवं, दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, आणि दोन्हीकडे एकेक कार्बोरेटर. दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे, नाहीतर जोडीतला एक बैल पुढे पळतो, दुसरा मागे रेंगाळतो, तसं होतं. हा समतोल लावायला जग मीटर वापरतं. नाझ्झारेनो हातभर रबरी नळी वापरायचा. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. हवेची शीळ ऐकायची, मग पलीकडे जाऊन तशीच शीळ मिळेपर्यंत स्क्रू फिरवायचा. बापानं शिकवलं होतं: डाव्या बाजूला डावा कान, उजव्या बाजूला उजवा, आणि तोंड कायम गाडीच्या पुढच्या काचेकडे, म्हणजे आत बसलेल्याला खुणा करता येतात. या विद्येमुळे आस्कोली शहरापासून समुद्रापर्यंत लोक त्याला 'रेक्किया' म्हणत. रेक्किया म्हणजे कान.

आणि या कानाचा उजवा कान गेला होता.

एका दिवसात नाही गेला. चार वर्षांत झिजत झिजत गेला. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही. उजवीकडून कोणी काही बोललं की हसायचं, मान डोलवायची आणि म्हणायचं, "अर्थातच, अर्थातच!" तेवढ्यावर भागत होतं. शिवाय गेल्या तीन वर्षांत एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नव्हती. कान गेला तरी हात सांभाळून घेतोय, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

आणि आता ही आली. सेत्तीमिओ मंगळवारीच म्हणाला होता, "सावकाश असली की थरथरते. पूर्ण दाबली की लोण्यासारखी पळते." एवढं ऐकल्यावर कोणीही मिस्त्री सांगेल की समतोल गेलाय. नाझ्झारेनोलाही तत्क्षणी कळलं. पण समतोल त्यानंच पंधरा दिवसांपूर्वी लावला होता, कानानं. तिथे चूक निघाली तर चूक कानाची निघणार. तेव्हा त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "प्लग बघू."

प्लग काढले तर डावीकडचे दोन काळेकुट्ट, उजवीकडचे साफ. "डावीकडेच आहे भानगड!" तो ओरडला, आणि त्याला खरोखर बरं वाटलं. मग बुधवारी त्यानं डावीकडच्या तारा बदलल्या, पॉइंट बदलले, टाकी रिकामी करून पाणी शोधलं. गुरुवारी डावा कार्बोरेटर खोलून पेट्रोलमध्ये धुतला, टॅपेट लावले, चारही सिलिंडरचा दाब मोजला. दाब चौघांचा सारखा. डावी बाजू नव्यासारखी झाली आणि गाडी पहिल्यासारखीच कापत राहिली. उजवीकडच्या कार्बोरेटरला त्यानं बोट लावलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी इओले, त्याची बायको, नेहमीसारखी गाडीत बसून अ‍ॅक्सिलरेटर धरून होती. शेजारच्या सीटवर सोललेल्या वालाच्या दाण्यांचं भांडं. इंजिनाच्या प्रत्येक झटक्याला भांडं खडखडत होतं. तेवढ्यात काखेत पाव मारून सेत्तीमिओ आला.

"काय रे रेक्किया, कोण जिंकलं? तू की ती?"

"पेट्रोल भिकार आहे."

"काल टॅपेट भिकार होते. परवा तारा."

"उद्या तुझा पाव भिकार निघेल," इओले आतून म्हणाली. "तू पण ये तपासून घ्यायला."

"अगं, हसतेस काय? उद्या आठला तपासणी आहे. ही अशी कापत चौकात नेली तर लोक म्हणतील पाववाल्याला हीव भरलंय."

"तू जा, कॉफी पिऊन ये," नाझ्झारेनो म्हणाला.

"प्यायलोय. इथेच थांबतो."

सेत्तीमिओनं दारातच स्टूल ओढलं आणि बसला. नाझ्झारेनोला वाटलं, आपल्याच गॅरेजात आपल्याला कोंडलंय. जमत नाही म्हणावं तर हा विचारणार का जमत नाही. मीटर मागवावं तर गाव विचारणार, कानाला मीटर कशाला? कुठूनही सुटायला बघा, वाट त्या मेल्या कानावरूनच जात होती. त्याला राग आला. सेत्तीमिओचा, गाडीचा, बापाचा, आणि मग रडूच यायला लागलं. बासष्टाव्या वर्षी, हातात नळी धरून.

तो उजव्या बाजूला गेला. आणि जन्मात पहिल्यांदा काचेकडे पाठ करून वाकला, कारण डावा कान तिथे न्यायचा तर दुसरा मार्गच नव्हता. इओलेला आता त्याच्या खुणा दिसेनात, दिसत होती फक्त विजारीची बैठक.

"हे काय नवीन?" तिनं विचारलं.

त्यानं नळी डाव्या कानात घातली. शीळ कसली, वादळ होतं ते. दार सताड उघडं टाकावं तशी हवा आत धो धो जात होती. मेल्या कानाला बारीक ऐकू यायचं म्हणून तो उघडत गेला होता, उघडत गेला होता. त्यानं स्क्रू अर्धा फेरा मागे घेतला. मग आणखी अर्धा. मग पूर्ण एक. डावीकडे जाऊन ऐकलं, परत आला, परत पाठ केली, परत वाकला. इंजिनाचा सूर हळूहळू खाली आला, एकसारखा झाला. सीटवरचं भांडं खडखडायचं थांबलं.

"अरे वा!" इओले म्हणाली.

नाझ्झारेनो ताठ झाला, हात पुसले. आता फक्त कारण जुळवायचं होतं. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा, असं म्हणणार तोच सेत्तीमिओ उजवीकडून जवळ आला आणि हळू आवाजात काहीतरी बोलला. चेहरा गंभीर होता, पण नाझ्झारेनोनं तिकडे बघितलंच नाही. तो खुशीत होता.

"अर्थातच, अर्थातच!" तो हसून म्हणाला.

इओलेनं गाडी बंद केली. सेत्तीमिओ गाडीला वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला.

"मी विचारलं, उजवा कान आता पुरता गेला का रे?"

नाझ्झारेनोचे गाल तापले. "कोण म्हणतं असं?"

"तूच. आत्ता."

"मला नीट..."

"तीन वर्षांपूर्वी शर्यतीहून येताना तू गाडी चालवत होतास, मी शेजारी, तुझ्या उजव्या हाताला. मी सांगितलं, नाझ्झारे, तू उजवीकडचं जास्त उघडतोस, म्हणून मी गुपचूप खालच्या गावात मिर्को मिस्त्रीकडे जाऊन मीटरवर लावून घेतो, राग मानू नकोस. तू म्हणालास, अर्थातच, अर्थातच. अरे, मला भरून आलं होतं. केवढं मन म्हटलं या माणसाचं!"

"मग या वर्षी नाही गेलास?"

"मिर्को एप्रिलमध्ये जर्मनीला गेला ना. कायमचा."

नाझ्झारेनो मडगार्डला टेकला. "तू एकटाच जायचास त्याच्याकडे?"

सेत्तीमिओनं इओलेकडे बघितलं. ती वालाच्या दाण्यांकडे बघत होती.

"सांग त्याला," ती म्हणाली. "मला गेली तीन वर्षं जमलं नाही."

"सगळेच," सेत्तीमिओ म्हणाला. "डॉक्टर, नोटरी, पाद्रीसुद्धा. इथून निघालं की सरळ त्याच्याकडे. मिर्को म्हणायचा, म्हाताऱ्याचं काम चोख आहे, एवढा एक स्क्रू सोडला तर."

चार वर्षं नाझ्झारेनोनं दारंखिडक्या लावून ते गुपित जपलं होतं, आणि आत कोंडलेला तो एकटाच होता. त्याला ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडणार? सगळ्यांनी त्याच्यावर मायाच केली होती. त्याचाच त्याला जास्त राग येत होता.

"आणि आता?" त्यानं विचारलं. "मिर्को गेल्यावर ते काय करतात?"

"काय करणार? एप्रिलपासून गावातल्या सात गाड्या कापतायत. पाद्र्याची तर चढावर बंद पडते. तुला वाईट वाटेल म्हणून कोणी बोलत नाही."

नाझ्झारेनोनं नळी मानेभोवती टाकली.

"बोलाव सगळ्यांना," तो म्हणाला. "आत्ताच. आणि सांग त्यांना, हाक मारायची तर डावीकडून मारा."