बाळंतिणीचं टोकन

आमच्या दारव्ह्याच्या कापूस नोंदणी केंद्रात भिंतीवर एक ढाल लावलेली आहे. पितळी, भली मोठी, मागे लाल मखमल. तिच्यावर लिहिलं आहे, 'वीज बचत आणि अखंड सेवेसाठी'. ज्या हंगामासाठी ही ढाल मिळाली, त्या हंगामात ऐन गरजेच्या वेळी केंद्रातली यंत्रं बंद होती. मी तिथे ऑपरेटर होते, म्हणून खात्रीने सांगते. बंद यंत्राला वीज लागत नाही, आणि बंद यंत्राविरुद्ध तक्रार नोंदवायची तर तेच यंत्र चालू असावं लागतं. एवढ्या दोन गोष्टी समजल्या की निम्म्या सरकारी पुरस्कारांचा उलगडा होतो.

त्या वर्षी कापसाने सगळ्या जिल्ह्याचा जीव नकोसा करून टाकला होता. भाव पडलेला, व्यापारी तोंड वाकडं करून आणखी पाडून मागायचा, आणि सरकारी खरेदीला गाडी न्यायची तर टोकन लागायचं. पूर्वी टोकन साध्या चिठ्ठीवर मिळत असे. मग वर कोणाला तरी वाटलं की चिठ्ठीत वशिलेबाजी होते. म्हणून आमच्याकडे सर्व्हर रूम आली. माणसाहून उंच दोन लोखंडी कपाटं, त्यांत अखंड घोंघावणारी यंत्रं, दोन एसी, बॅटऱ्यांची रांग आणि मागच्या बाजूला डिझेलवरचा जनरेटर. मी शेतकऱ्याचं नाव आणि सातबारा भरायचा, यंत्राने नंबर लावून टोकन काढायचं, असा बेत होता. यंत्र थोडा वेळ टोकनं काढायचं आणि मग तापून बसायचं. लोडशेडिंग सुरू झालं की बॅटऱ्या यंत्रांना पुरायच्या, पण एसीला पुरायच्या नाहीत. म्हणजे काम चालू आणि गारवा बंद. चैत्रातल्या उन्हात रजई पांघरून धावायला सांगितलं तर माणूस तरी किती टिकेल?

टोकन नाही म्हणून कापूस घरात. घरात म्हणजे खरोखरच घरात. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, बकऱ्यांच्या गोठ्यात कापूस. माणसं कापसावर जेवायची, कापसावर झोपायची आणि त्यातल्या किड्यांमुळे रात्रभर अंग खाजवायची.

जवळच्या तांड्यावरची बिजलीबाई तर आमच्याकडे हजेरी लावल्यासारखी यायची. काळीपिवळी जीपमधून उतरली की सरळ माझ्या खिडकीशी.

"काहून वं पोरी, निघालं का आमचं टोकन?"

"नाही मावशी. सर्व्हर डाऊन आहे."

"कवा उठन तो?"

"सांगता येत नाही."

"तुले सांगता येत नाही, पन माही रंजिता थांबनार हाय का? पयलं बाळंतपन हाय तिचं. माहेरीच करा लागते. घरात पाय ठेवाले जागा नाही. मोठ्या मानसाचं आंग सोलून निघते खाजीनं, तान्ह्या लेकराले त्या कापसावर कसं निजवू?"

मी म्हटलं, तिला सासरीच राहू द्या थोडे दिवस.

"सासरी? तिच्या सासरी आमच्याहून जास्त कापूस हाय. जावई दारात झोपते."

व्यापाऱ्याला देऊन टाकायला तिचा नवरा रूपसिंग तयार नव्हता. सरकारी भाव मिळाल्याशिवाय एक बोंड हलणार नाही, असं त्याने तांड्यासमोर सांगून ठेवलं होतं. "हट्ट त्याचा, अन् खाजवते मी," असं म्हणून ती निघून जायची आणि दोन दिवसांनी पुन्हा यायची.

फाटकाजवळच्या बाकावर फकिरा बसलेला असायचा. एकटा म्हातारा. घरात एक म्हैस आणि एक खोली कापूस. तो काहीच बोलायचा नाही. बिजलीबाईला मिळालेलं उत्तर ऐकायचा, टोपी झटकायचा आणि चालू लागायचा. एकदाच त्याने मला विचारलं की तक्रार कुठे करायची. मी सांगितलं, कॉम्प्युटरवर. त्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

केंद्रप्रमुख होते पुंडलिकराव. माणूस वाईट नव्हता. वाईट व्हायला जी मेहनत लागते, ती त्यांनी जन्मात घेतली नव्हती. यंत्रं तापतात म्हणून त्यांनी पुण्याहून एक सल्लागार आणवला. तो गाडीतून उतरला, उन्हाने कासावीस झाला आणि म्हणाला, "बाहेरची उष्णता आत येऊ देऊ नका, इन्सुलेशन करा." एवढं बोलून तो परतीच्या गाडीत बसला.

पुंडलिकरावांचे डोळे चमकले. "शीला, कापसाचा जिल्हा अन् कापसाचंच इन्सुलेशन! एका दगडात किती पाखरं पाहून राह्यली ना तू?"

ठरलं. सर्व्हर रूमच्या भिंतींना, छताला आणि दाराला आतून कापसाच्या जाड गाद्या ठोकायच्या. निविदा निघाली. गाद्या सुरतेहून आल्या. त्यांचा ट्रक फाटकातून आत येईना, कारण बाहेर टोकनच्या आशेने कापूस भरलेल्या बैलगाड्या उभ्या होत्या. मग पोलिसांनी गाड्या हटवल्या आणि सुरतेचा कापूस आत गेला.

बिजलीबाई ते सगळं बघत उभी होती. "सुरतेचा कापूस जास्त मऊ असते का वं?"

"नाही मावशी. त्याला टोकन लागत नाही."

खरं सांगायचं तर गाद्या आम्हा सगळ्यांना आवडल्या. भिंतीला टेकून बसायला फार छान वाटायचं. गंमत म्हणजे थंडीच्या दिवसांत त्याच लोखंडी कपाटांवर आम्ही आमचे डबे गरम करत होतो. पुंडलिकरावांच्या वांग्याच्या भाजीला तर एकदा उकळी फुटली होती. तरी उष्णता बाहेरून येत नाही, आतूनच निघते आहे, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. आम्ही तापलेल्या माणसाला गोधडीत गुंडाळलं आणि आता बरं वाटेल म्हणून वाट बघत बसलो.

एप्रिलमध्ये एका दुपारी वीज गेली. जनरेटरचं डिझेल पुंडलिकरावसाहेबांच्या घरच्या लग्नासाठी जीपमध्ये गेलं होतं. बॅटऱ्यांनी मात्र इमानेइतबारे यंत्रं चालू ठेवली. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा भट्टीसारखी आच अंगावर आली आणि जळक्या प्लास्टिकचा वास. दोन्ही कपाटांतली यंत्रं गेली होती. गाद्यांना काही झालं नाही. गाद्या उत्तम होत्या.

यंत्रं गेल्यावर मात्र खोली अशी गार राहू लागली की विचारू नका. आत तापणारं काही उरलंच नव्हतं. एक एसी जरा वेळ लावला की दिवसभर गारवा टिकायचा. विजेचं बिल एकदम खाली आलं. ते बिल हातात घेऊन पुंडलिकराव खुर्चीत नुसते बसून राहिले, आणि त्याच आठवड्यात पुरस्काराचं परिपत्रक आलं. कमी वीज आणि शून्य तक्रारी, अशा दोनच अटी होत्या. दोन्ही आम्ही पूर्ण केल्या होत्या.

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, आठवडाभरात नवीन यंत्रं बसवून देतो. मी धावत जाऊन साहेबांना सांगितलं.

"नको," ते म्हणाले. "दुरुस्ती केली का बिल वाढते. पुरस्काराची समिती येईपर्यंत कोनी हात लावू नका."

"सर, लोक टोकनसाठी थांबलेत."

"लोक थांबतात, शीला. त्यायले सवय हाय. समिती थांबत नाही."

माझं डोकं इतकं तापलं की डबा माझ्यावर ठेवला असता तरी चालला असता. पण माझी नोकरी कंत्राटी, दर वेळी नव्या ऑर्डरवर सही त्यांचीच. मी माझ्या जागेवर जाऊन पुरस्काराचा प्रस्ताव टाइप केला. 'केंद्राविरुद्ध एकही तक्रार प्राप्त नाही' हे वाक्य मी ठळक अक्षरात केलं. तसं करायला त्यांनीच सांगितलं होतं.

समिती आली ती भर मे महिन्यात. मांडव, हार, सनई सगळं होतं. थंड पेयांच्या बाटल्या सर्व्हर रूममध्ये ठेवल्या होत्या, कारण तालुक्यात त्या दिवशी तेवढी एकच गार खोली होती. आणि नेमकी त्याच सकाळी काळीपिवळीतून बिजलीबाई उतरली. मागे रंजिता, तिच्या हातात कपड्यात गुंडाळलेलं बाळ. सरकारी दवाखान्यातून नुकतीच सुट्टी झाली होती. रंजिता कार्यालयाच्या तापलेल्या पायरीवर बसली आणि आईकडे बघून म्हणाली, "याडी, पाणी."

बिजलीबाई माझ्या खिडकीशी आली. या वेळी तिने टोकनचं विचारलं नाही. "मुलगी झाली," ती म्हणाली. "आता घरी नेऊ तं कुठं नेऊ, तेवढं सांग."

पुढचं मी विचार करून केलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला राग आला होता आणि सर्व्हर रूमची किल्ली माझ्याकडे होती.

दार उघडल्याबरोबर गार हवा आली. आत मंद उजेड, धूळ नाही, आवाज नाही. बिजलीबाईने भिंत हाताने दाबून पाहिली, छताकडे पाहिलं. "अवो, हे तं तुमी बाळंतिनीचीच खोली बांधली!" एक गादी उरली होती, ती पसरून रंजिताला निजवलं. बिजलीबाईने बोचक्यातलं जुनं लुगडं एका कपाटापासून दुसऱ्या कपाटापर्यंत बांधलं आणि झोळीत बाळ घातलं. कितीतरी दिवसांनी ती दोन कपाटं कोणाच्या तरी उपयोगी पडली.

थोड्याच वेळात पुंडलिकराव समितीला घेऊन आले. मुंबईचे मोठे साहेब पुढे, फोटोग्राफर मागे. दाराला हात लावून पुंडलिकराव अभिमानाने म्हणाले, "सर, आपल्या यंत्रणेचा आवाजसुद्धा बाहेर येत नाही."

आणि आतून बाळ रडलं.

दार उघडलं. मोठे साहेब झोळीकडे बघत राहिले. "हे काय आहे?"

"नात हाय," बिजलीबाई म्हणाली. "टोकनासाठी बसलो सायेब. घर कापसानं भरलं हाय. टोकन भेटलं का जातो."

"एवढंच ना? मग देऊन टाका टोकन," मोठे साहेब म्हणाले.

"हो सर, पण सर्व्हर..." एवढं बोलून पुंडलिकराव थांबले. सर्व्हर बंद आहे हे हंगामभर ज्या तोंडाने सांगितलं, ते तोंड अखंड सेवेच्या समितीसमोर उघडेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी झोळी हलवत राहिले. शेवटी त्यांनी खिशातून स्वागताच्या भाषणाचा कागद काढला, त्याच्या पाठीमागे रूपसिंगचं नाव आणि तारीख लिहिली, सही केली. शिक्का दुसऱ्या खिशात होता. सगळं मिळून पान खायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

मला वाटलं, आता ही उठेल. पण बिजलीबाईने कागद उलटसुलट करून पाहिला आणि खाली बसली.

"हे घेऊन गेलो तं तिथला बाबू म्हनन, कंप्यूटरचं पाह्यजे. कापूस मोजला जाऊ द्या. मंग उठन माही पोरगी."

पुंडलिकरावांनी कपाळावरचा घाम पुसला. त्या खोलीत घाम येण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी सगळ्यांसमोर खरेदी केंद्राला फोन लावला. "हातानं लिहेल टोकन हाय, घेऊन घे. हो, चालते. अरे मी सांगून राह्यलो ना, चालते!"

बाहेर ढाल दिली गेली, भाषणं झाली. थंड पेयं झोळीखालून वाकून वाकून बाहेर न्यावी लागली. मोठ्या साहेबांनी बाळासोबत फोटो काढून घेतला आणि पेपरात छापून आलं की हे माता आणि बाळांची काळजी घेणारं पहिलं संगणक केंद्र आहे. टोकन काळीपिवळीवाल्याच्या हाती तांड्यावर गेलं होतं, आणि दिवस मावळता मावळता रूपसिंगचा निरोप आला की कापूस मोजला. घर रिकामं झालं होतं. रंजिता उठली, बिजलीबाईने झोळी सोडली आणि जाताना लुगड्याच्या पदराने कपाट पुसून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर बायकांची रांग होती. प्रत्येकीच्या कडेला मूल. काही मुलं तान्ही होती. काहींना दात आले होते, एक तर उभं राहून भुईमुगाच्या शेंगा फोडत होतं, आणि एका बाईला आपल्या कडेवरच्या बाळाचं नाव सांगता येईना. पुंडलिकरावांनी खिडकीतून पाहिलं आणि मला आत बोलावलं.

"शीला, बाळंतिनींचे टोकन हातानं देऊन टाक. पेपरात आलं आता, इलाज नाही. बाकीच्यायले सांग, सर्व्हर डाऊन हाय."

मी शिक्का घेऊन खिडकीत बसले. एकेक करत बायका गेल्या. रांगेच्या शेवटी, सगळ्यांत मागे, फकिरा उभा होता. खिडकीशी आल्यावर त्याने टोपी काढून हातात घेतली. एवढ्या दिवसांत टोकनसाठी तो पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होता.

"मॅडम, माह्या घरी बाळंतीन व्हाले कोनीच नाही," तो हळूच म्हणाला. "म्हैस हाय, गाभन. तिचं चालन का?"

मी वर पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. उमरखेडची एसटी किती वाजता आहे, हे विचारावं तसं विचारत होता.

"चालतं बाबा," मी म्हटलं आणि त्याचं टोकन लिहायला घेतलं.