मोडलो, पण पडलो नाही

मित्रांनो, मी एक जुना दात आहे. वरच्या ओळीत, अगदी पुढे बसतो. दुधाचा दात पडल्यावर त्या जागी मी आलो, तेव्हा माझ्या मालकिणीची मावशी म्हणाली होती, "फावडंच आलंय." तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

माझी मालकीण एका सुताराची मुलगी. एकदा त्याच्या कारखान्यात ती फळीला अडखळली आणि थेट तोंडावर आपटली. मी पडलो नाही, पण किंचित खाली लोंबू लागलो.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला. त्यात काहीच दिसेना. सुतार म्हणाला, हलतोय तर काढून टाका, नवा बसवू. पण बाईंनी यंत्र थोडं तिरपं करून दुसरा एक्स-रे काढला आणि माझ्या मुळावरची आडवी रेघ सापडली. मूळ मोडलं होतं. तरी तुकडे जुळून राहिले तर दात वाचेल, असं त्या म्हणाल्या. मला जागेवर सरकवून त्यांनी शेजारच्या दातांशी बारीक तारेने बांधलं.

नस जिवंत आहे का बघायला बाईंनी गार बोळा लावला, तरी मला काही कळलं नाही. मार बसलेली नस काही महिने मुकी राहू शकते, घाई नको, असं बाईंनी समजावलं. सुताराला धीर कुठला? रोज सकाळी तो मला चिमटीत धरून हलवून बघायचा. जुळत आलेले तुकडे आतल्या आत सरकायचे. वाचवायला निघालेलाच मला मारणार, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता.

एकदा सरस लावून शिकंज्यात आवळलेल्या खुर्चीला एका गिऱ्हाइकाने हात लावला.

"हात लावू नका," सुतार खेकसला. "सांधा धरतोय."

मग सवयीने त्याने लेकीच्या तोंडाकडे हात नेला. तिने मान वळवली.

"बाबा, हात लावू नका. सांधा धरतोय."

सुताराने हात खिशात घातला. त्या दिवसापासून त्याने मला हात लावला नाही.

तार निघाली. पुढे काही महिन्यांनी बाईंनी पुन्हा गार बोळा टेकवला.

"थंड लागतंय," मुलगी म्हणाली.

सुताराचा हात खिशातून वर आला, माझ्यापर्यंत पोचला, थांबला आणि डोळे पुसायला गेला.

मित्रांनो, दाताला मार बसला तर पडला नाही म्हणून घरी बसू नका, लगेच दाखवा. आणि एकदा बांधून दिला की त्या बिचाऱ्याला जरा एकटं सोडा.