पक्षी गातच होता

मित्रांनो, माझी डावी बाजू काळ्या चिकटपट्टीने बांधलेली आहे आणि गादीतला स्पंज बाहेर डोकावतो, एवढ्यावरून मला म्हातारा ठरवू नका. बरं, ठरवा. आहेच मी जुना हेडफोन. पण माझ्या आवाजात आजही तसूभर खोट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. याच गोष्टीवरून माझ्यावर नको तो आळ आला होता.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. एकाच दिवशी आम्ही हजारो भाऊ पट्ट्यावरून सरकत खोक्यांत गेलो. मी आलो सुरतला, पर्वत पाटियाच्या एका दुकानात. काचेमागे चार महिने धूळ खाल्ल्यावर एक दिवस लखन आला. त्याने मला कानांवर चढवलं, डोळे मिटले आणि बराच वेळ नुसता ऐकत उभा राहिला. दुकानदार कंटाळून गुजरातीत म्हणाला, "लई जाओ ने भाई, सारो माल छे," म्हणजे घेऊन जा, माल चांगला आहे. लखन हसला आणि मला घेऊन नवागामच्या आपल्या खोलीत आला.

लखन मूळचा धुळ्याकडचा. खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, तो लूम, म्हणजे माग, चालवायचा. रोज बारा तास, बारा लूम. तिथे इतका खडखडाट असतो म्हणे, की शेजारचा माणूस ओरडला तरी कळत नाही. पण लखनचा कान असा तयार, की कोणत्या लूमचा धागा तुटणार हे त्याला आवाजावरून आधीच कळायचं. खात्यात सगळे त्याला मानायचे ते यासाठीच.

पाळी संपली की लखन अंघोळ करून माझ्याकडे यायचा. त्याला व्हिडिओ गेमचं वेड. तो गेम खेळायचा, त्यांचं परीक्षण करायचा आणि ते मराठीत बोलून नेटवर टाकायचा. मोबाइलवरची गाड्यांची शर्यत म्हणू नका, कॉम्प्युटरवरची लढाई म्हणू नका, जुन्या बाजारातून आणलेल्या कन्सोलवरचा फुटबॉल म्हणू नका, काही सोडायचा नाही. एका भुताच्या गेमबद्दल तो म्हणाला होता, "भूत येण्याआधी दर वेळी दार वाजतं. घाबरायचं कशाला? पाहुणा आला समजा." लोक हसायचे, पण त्याचं ऐकायचे. आवाजाबद्दल तर तो बोलला की विषय संपला. "हा पाऊस पत्र्यावरचा आहे, दाखवताय मात्र कौलावर," असं तो मोठमोठ्या कंपन्यांना सुनवायचा. माझी छाती फुगायची. ऐकवणारा शेवटी मीच ना!

पहिल्या वर्षी माझा आवाज चाळीसवर असायचा. तिसऱ्या वर्षी सत्तरवर गेला. पाचव्या वर्षी काटा शंभरावर जाऊन बसला तो बसलाच. माझे पडदे थरथरायचे, वायर गरम व्हायची. मला वाटायचं, वा, काय रंगलाय आमचा गडी! मूर्ख मी. त्याच्या कानांचं जे झालं त्यात माझाही वाटा आहे, हे आज कबूल करतो.

मग ती संधी आली. पुण्याच्या एका वेबसाइटने लखनला विचारलं, तीन परीक्षणं लिहून द्या, आवडली तर कायमची नोकरी. घरी बसून काम. त्या दिवशी त्याची बायको जयश्री दोनदा देवापुढे उभी राहिली. "खातं सुटेल हो तुमचं," असं म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिली दोन परीक्षणं पसंत पडली. तिसऱ्या परीक्षणाचा गेम होता रिमास्टर, म्हणजे जुनाच गेम नव्याने घासूनपुसून काढलेला. आणि नेमका तो जंगलवाला गेम, जो लखन लहानपणी, घरचे सुरतला आले तेव्हा, इथल्या लिंबायतच्या गेमच्या दुकानात शेकडो वेळा खेळला होता! त्या जंगलात वाट दिसत नाही. एक पक्षी बारीक शीळ घालतो. उजवीकडून शीळ आली की उजवीकडे वळायचं, डावीकडून आली की डावीकडे.

लखन खेळायला बसला आणि पहिल्याच वळणावर चुकला. मला नवल वाटलं. पक्षी उजवीकडून गात होता, मी तो उजव्या कानात नीट पोचवत होतो. तो डावीकडे गेला. पुन्हा चुकला, पुन्हा चुकला. शेवटी मला काढून आपटत म्हणाला, "च्यायला, पक्षीच काढून टाकला की यांनी!"

जयश्री म्हणाली, "एकदा कुणाला तरी विचारून तर बघा."

"इतक्या वेळा खेळलोय मी तो. विचारायचं काय त्यात? माझ्या कानाला कळणार नाही?"

त्याने लिहून टाकलं. कंपनीने गेमचा जीवच काढला, पक्ष्याची शीळ गाळली, खेळणाऱ्याला रानात वाऱ्यावर सोडलं, दहापैकी तीन गुण. वेबसाइटने ते छापलं. तासाभरात लोक तुटून पडले. पक्षी आहे की, याने गेम उघडून तरी पाहिला का, कान साफ करून ये आधी. दुपारपर्यंत परीक्षण उतरवलं गेलं.

लखन माझ्यावर उखडला. "हा भंगार हेडफोन! यानेच घात केला माझा!" त्याने मला भिंतीवर भिरकावलं. डावी बाजू मोडली ती तेव्हा. नवा हेडफोन आला, आणि त्यातही पक्षी गाईना. मी खाटेखालून बघत होतो. खोटं कशाला सांगू, मला आधी बरंच वाटलं. भोग आपल्या कर्माची फळं, म्हटलं.

मग जयश्रीने मला खाटेखालून काढलं, पट्टी गुंडाळली, कानाला लावलं. गेम चालू होता. तिने चमकून उजवीकडे मान वळवली.

"पक्षी त वरडी राह्यना," ती आपल्या अहिराणीत म्हणाली, ओरडतोय की तो.

"कोठे?"

"उजवीकडे. आता डावीकडे. अहो, तुमले आयकू येत नही का?"

लखनने मला तिच्या हातातून घेतलं, कानांवर घट्ट दाबून धरलं. मी जीव तोडून गायलो, मित्रांनो. माझ्यात होतं नव्हतं ते सगळं पणाला लावलं. त्याच्या कपाळाची शीर तटतटली होती. मग त्याने मला हळूच खाली ठेवलं. माझा राग तिथेच गेला.

कानाच्या डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं, "लूमवर किती वर्षं?" लखन म्हणाला, सोळा. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज ऐकणारा भाग गेला आहे. गेला तो परत येत नाही, उरला आहे तो सांभाळा.

लखनने खरं काय ते स्वतःच लोकांना सांगून टाकलं. "गेममध्ये पक्षी आहे. मीच बहिरा होत चाललोय. गेमला दहापैकी नऊ, आणि माफी." वेबसाइटच्या शीतल मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज नाजूक, लखनला काही ऐकू येईना. फोन जयश्रीने घेतला आणि मग त्याच्यासमोर बसून तिनेच ते मोठ्याने सांगितलं. "त्या म्हणतात, खरं बोललात, आदर वाटतो. पण आवाजाची जाण असलेला माणूस हवा होता." हे वाक्य नवऱ्याला ओरडून सांगावं लागणं म्हणजे काय, ते मी तिच्या तोंडाकडे बघून समजलो.

लखन पुन्हा खात्यात गेला. या वेळी कानात कापसाचे बोळे घालून. जुना कारागीर बन्सीलाल सगळ्यांदेखत हसला, "कानमा कापूस टाकीसन लूम चालावशी का रे?" खात्यात कापूस म्हणजे कच्चा गडी, अशी तिथली समजूत. ज्याला लूम ऐकू येत नाही तो कारागीर कसला! सुट्टीच्या दिवशी लखनने खात्यातल्या सगळ्यांना घरी चहाला बोलावलं.

जयश्रीने आधीच ऐकून सांगितलं होतं, गेममधल्या जंगलात पहिल्या पुलापर्यंत पक्षी सात वेळा गातो. लखन म्हणाला, "ज्याला पक्षी ऐकू येईल त्याने हात वर करायचा. सात वेळा." आणि मी एकेकाच्या कानांवर चढलो. बन्सीलालचा हात एकदाही वर गेला नाही. तो हसत होता, मग हसायचा थांबला. दुसरा कारागीर रघुनाथ, त्याचा दोनदा गेला. बाकीच्यांत कुणाचा तीनदा, कुणाचा एकदा. जयश्री चहा आणायला आत गेली ती लवकर बाहेर आली नाही.

शेवटी कुंदन बसला. सगळ्यांत लहान, वय बावीस, लूमवर जेमतेम चार वर्षं, गावाकडे लग्न ठरलेलं. त्याने हात वर केला. पुन्हा केला. मोजून सात वेळा. लखनने त्याला मिठीच मारली. "एक तरी वाचला रे! आजपासून कापूस घाल, ऐकतोस ना?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुंदनही हसला.

मित्रांनो, मी कुंदनच्या कानांवर होतो. सातही वेळा त्याचा हात वर गेला, तेव्हा पक्षी गप्प होता. आणि सातही वेळा पक्षी गायला, तेव्हा त्याचा हात मांडीवर होता.

मला आवाज पोचवता येतो, बोलता येत नाही. लखनला मी हे सांगू शकलो नाही, म्हणून तुमच्याजवळ मन मोकळं करतोय. तुमच्या घरातलं कुणी खात्यात जात असेल, बाबा असोत, काका असोत की मोठा दादा, तर आज ते जेवायला बसले की त्यांच्या पाठीमागे उभे राहा आणि हळूच हाक मारा. त्यांनी वळून पाहिलं नाही, तर रुसू नका. समोर जा, हात धरा आणि त्यांना दवाखान्यात घेऊन जा.