वहीतली कोरी ओळ

"एटेल्का, विरोधातलं मत आधी लिहायचं. बाजूची मतं मागाहून. आणि विरोध करणाऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, तुमच्या नाही. तो एक शब्द मात्र या वहीत कधी यायचा नाही. द्या वचन."

कोर्नेल बार्तालांनी हे मला सांगितलं एकोणनव्वदच्या शरदात, जोडे दुरुस्तीच्या एका बंद दुकानात. खुल्या नागरिक संघाची हंगेरीतल्या आमच्या गावातली शाखा त्या दिवशी सुरू झाली. अकरा माणसं आणि चार खुर्च्या. आपल्याला पक्ष काढता येतो आणि कुणी पकडून नेत नाही, याचंच सगळ्यांना नवल वाटत होतं. चिटणीस म्हणून त्यांनी माझं नाव सुचवलं तेव्हा मी खाली मान घालून विचारलं, "मीच का?"

"काय लिहायचं नाही, हे तुमच्याइतकं आणखी कुणाला कळणार?" ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

तो शब्द म्हणजे 'एकमुखाने'. फळं डबाबंद करायच्या कारखान्यात मी टंकलेखिका होते. सभेच्या इतिवृत्ताचे कागद वरून, तेव्हाच्या एकमेव कम्युनिस्ट पक्षाकडूनच छापून यायचे, 'ठराव एकमुखाने संमत' या ओळीसकट. मी फक्त तारीख आणि ठराव भरायची. चौऱ्याहत्तर साली फाटकावरच्या रखवालदाराला काढायचा ठराव आला. त्याचा गुन्हा एवढाच, की मुलीला त्याने चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनच्या विधीला नेलं होतं. प्रयोगशाळेतल्या बार्तालांनी विरोधात हात वर केला. चाळीस माणसांनी तो हात पाहिला. मीही पाहिला. आणि छापील ओळीखाली तारीख भरून कागद पुढे पाठवला.

रोज जपमाळ ओढणारी, शुक्रवारी मांसाला न शिवणारी मी. त्याच बोटांनी मी एका माणसाचा हात पुसून टाकला. पापनिवेदनात सांगितलं, फादरांनी क्षमाही केली. बोटांना मात्र ती पटली नाही.

म्हणून मी वचन दिलं, आणि पक्षाने मला ते पाळायला तेवीस वर्षं दिली. याचे उपकार मी कशाने फेडू?

सुरुवातीची वर्षं वैभवाची होती. नव्वदच्या निवडणुकीत गावातली एक तृतीयांश मतं आमची. बार्ताल देव मानत नव्हते, पण नगरसभेत भांडून सरकारने काढून घेतलेली नन्सची शाळा त्यांनीच परत मिळवून दिली. रेल्वेतले वेन्सेल त्यांना चिडवायचे, "काय हो, वर जागा राखून ठेवताय वाटतं?"

"तिथे बैठका नसतील तर मला नको ती जागा," बार्ताल म्हणायचे.

आमच्या बैठका शनिवारी अकराला असायच्या. चर्चची बाराची घंटा झाली की मी उठून प्रार्थना म्हणते, हे माझं रोजचं व्रत. पहिल्याच बैठकीत मी दाराबाहेर जायला निघाले, तर बार्ताल म्हणाले, "बाहेर कशाला? आम्ही थांबतो." तेव्हापासून प्रत्येक शनिवारी न मानणारी माणसंही माझ्यासाठी गप्प उभी राहिली. उदार विचार म्हणजे काय, ते मी पुस्तकात वाचलेलं नाही. मी ते उभं राहिलेलं पाहिलं.

मग बुडापेस्टच्या आमच्या पुढाऱ्यांनी सत्तेसाठी जुन्या पक्षाच्याच वारसांशी हातमिळवणी केली. शाखेत त्याविरुद्ध एकच मत पडलं, बार्तालांचं. वहीत ते पहिल्या ओळीवर आहे: "ज्यांच्यापासून सुटायला आपण जमलो, त्यांच्या मोटारीत बसून आपण सुटणार कसे?" पुढे निम्मी माणसं पांगली. प्रत्येक निवडणुकीत मतं घटली. शेवटी निकालात आमचं नावही येईना. "आपण आता 'इतर' झालो," वेन्सेल म्हणाले आणि स्वतःच मोठ्याने हसले.

गेल्या महिन्यात बुडापेस्टहून पत्र आलं: पक्ष विसर्जित करायचा आहे, शाखांनी ठराव पाठवावा. सोबत छापील कागद. शनिवारी आम्ही पाच जण जमलो. अध्यक्ष आता बोटोंड, चाळिशीतला वकील. त्याने कागद वाचायला घेतला आणि मला ऐकू आलं, "...ठराव एकमुखाने संमत."

आमच्याच पक्षाच्या कागदावर.

हात वर झाले. पाचही. माझाही होता, खोटं कशाला सांगू? पाच माणसांनी पक्ष चालत नाही.

"लिहा मावशी," बोटोंड म्हणाला.

मी वही उघडली, आणि माझ्या हाताने आपोआप लिहिलं, 'एकमु'. तेवीस वर्षांनी बोटांना जुनी वाट बरोबर सापडली. तेवढ्यात बाराची घंटा झाली. सगळे उभे राहिले. बोटोंडच्या हातात अर्धी खाल्लेली पोगाचा, आमच्याकडची छोटी खारी रोटी, होती, ती तशीच धरून तो थांबला. प्रार्थना संपली तेव्हा मला काय करायचं ते कळलं होतं. मी ती तीन अक्षरं खोडली.

"बार्तालकाकांचं मत राहिलंय."

"अहो एटेल्काबाई," वेन्सेल म्हणाले, "वृद्धाश्रमात तो पोटच्या मुलीला नर्स समजतो!"

"पण त्या नर्सला 'नको' म्हणतो ना? सूप नको म्हणतो, सुई नको म्हणतो. मत असायला आणखी काय लागतं?"

वेन्सेलना हसू आलं. "हे मात्र खरं. नको म्हणायला तो शेवटपर्यंत विसरायचा नाही."

"मावशी, ते काय म्हणतील असं वाटतं तुम्हाला?" बोटोंडने विचारलं.

"माहीत नाही रे. म्हणून तर विचारायचं."

"आणि काहीच बोलले नाहीत तर?"

"तर काही बोलले नाहीत, असं लिहीन. त्यांच्या तोंडी आपलं उत्तर घालणार नाही."

आमच्या नियमात आहे: इतिवृत्तावर सही होईपर्यंत आजारी सभासदाचं मत घेता येतं. बोटोंडने पेनाला टोपण लावलं. "सही सोमवारी सकाळी करतो." मग पट्टी मागून घेतली आणि छापील कागदावरचा तो शब्द स्वतः, सरळ रेघ मारून खोडला. मी मनातल्या मनात त्या पोराला आशीर्वाद दिला.

निघताना वेन्सेलनी आलुबुखारच्या मुरंब्याची बरणी माझ्या हातात ठेवली. "त्याला सांगा, वेन्सेल अजून जिवंत आहे. फार वाईट वाटून घेऊ नको म्हणावं."

आज रविवार. चर्चमध्ये मिस्सा झाली. बार्तालांच्या नावाने मेणबत्ती लावली. त्यांना कळलं तर ते हसतील, हसू देत. वही स्वच्छ पंच्यात गुंडाळली, दोन पेनं घेतली. खोडलेल्या अक्षरांखाली एक ओळ कोरी सोडली आहे, पहिली. बाजूची पाच मतं तिच्या खाली येतील.

सव्वादोनची बस आहे. मी डोक्याला रुमाल बांधला, बरणी पिशवीत नीट उभी ठेवली आणि दार हळूच ओढून घेतलं.